जमिनीला पाय लागल्यावर

शिरगणतीचे कागद माझ्या हातात आले, तेव्हा खाडीकाठच्या त्या कोळीवाड्यात शिक्षिका म्हणून येऊन मला दोनच वर्षं झाली होती. मी घाटावरची, पाणी पाहिलं ते विहिरीतलं. तिकडे बेलापूरच्या बाजूला नव्या शहराच्या इमारती उठत होत्या, पण आमच्या गावाला बस नव्हती. बायका डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन मिठागराच्या बांधावरून तासभर चालत हमरस्ता गाठायच्या. अडलेल्या बाळंतिणीला खाटेवर घालून न्यावं लागायचं. गावानं बस मागितली, तर आगारातल्या साहेबांनी मागच्या शिरगणतीचा आकडा दाखवला. एवढ्याशा वस्तीला गाडी परवडत नाही, नव्या मोजणीत माणसं वाढलेली दिसली तर बघू, असं म्हणाले.

त्यामुळे सगळ्या गावाचा डोळा माझ्या कागदांवर.

मी घरोघर फिरले. बायका, पोरं, म्हातारे भराभर लिहून झाले. पुरुषांचं विचारलं की सगळ्या गप्प. माझ्या कागदावर जवळजवळ बिनपुरुषांचं गाव तयार झालं. माझं डोकंच फिरलं. बस हवी म्हणून माझा जीव खाता आणि माणसं लपवता, असं मी शाळेशेजारच्या मावशीला सुनावलं. ती गावातली सगळ्यांत जुनी मासळीवाली. तिचा मुलगा आणि नातू एकाच होडीवर जायचे. ती उन्हात जवळा सुकायला पसरत होती. मान वर न करता म्हणाली, "पान्यावरचा मानूस मोजायचा नसतो, बाई. पाय जमिनीला लागू दे, मंग मोज."

मागच्या वेळीही त्यांनी हेच केलं होतं. होड्या चार-चार दिवस बाहेर असायच्या; तेवढं गाव कागदावर आलंच नव्हतं. म्हणजे बस यांनीच घालवली होती. मी अंधश्रद्धेवर लांबलचक भाषण झोडलं. मग घरी भाकरी थापताना आठवलं, माझी आई जेवणाऱ्याच्या भाकरी कधी मोजू देत नसे. मी तरी कुठली शहाणी लागून गेले होते?

मोजणीच्या शेवटच्या दिवशी, दुपारच्या भरतीला होड्या परतणार होत्या. मी कागद घेऊन धक्क्यावर बसले, मावशी शेजारी उभी. खाडीच्या तोंडाशी एक शीड दिसलं, मग दोन, मग सगळं पाणीच शिडांनी भरून गेलं. एवढी माणसं आमच्याच गावची? दोन वर्षं राहूनही मला हे गाव अर्धंच माहीत होतं. एकेकजण उडी मारायचा, पाय चिखलात रुतला की मावशी माझ्या खांद्याला हात लावायची, आणि मी नाव लिहायचे.

शेवटी मावशीच्या मुलाचीच होडी राहिली. ओहोटी लागली, ऊन कललं. कागद सकाळी द्यायचे होते. दोन नावं लिहून टाकते, बससाठी उपयोगी पडतील, असं मी हळूच म्हटलं. तिनं नुसती नकाराची मान हलवली आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. तेव्हा मला भीती वाटली, खरीखुरी. आता मलाही ती नावं लिहवेनात.

दिवेलागणीला होडी आली. नातवानं उडी मारली, मागोमाग मुलानं. मावशीचा हात माझ्या खांद्यावर इतक्या जोरात पडला की पेन निसटलं.

पुढे तो आकडा आगारात पोचला आणि बस मिळाली. पहिल्या फेरीला मावशी पाटी घेऊन पुढच्या बाकावर बसली, मागे बायका खच्चून, त्यांच्यात मी. गाडी हलल्यावर कंडक्टरनं एकूण किती जणी आहात, असं विचारलं. बायका खिडकीबाहेर बघू लागल्या. तो बोटानं डोकी मोजू लागला, तशी मावशीनं ते बोटच धरलं.

"पाय जमिनीला लागू दे," ती म्हणाली.

तो गोंधळून माझ्याकडे बघू लागला. सगळ्यांत मीच काय ती शिकलेली दिसत असणार.

"उतरल्यावर मोजा," मी म्हटलं.