डाव्या फळीचा सेनापती

जेवण झाल्यावर अच्युतराव केळकर आरामखुर्चीत टेकतात आणि डोळे मिटतात, पण झोप काही येत नाही. दारापर्यंत येते, आत डोकावते आणि खोकी बघून परत फिरते. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. संध्याकाळी टेम्पो येणार, सांगलीचं बिऱ्हाड घेऊन नाशिकला लेकीकडे जाणार आणि अच्युतरावही त्या सामानामागोमाग जाणार. मागे राहणार तो फक्त टेबलावरचा जुना संगणक. हा नाशिकपर्यंत पोचायचा नाही असं दुरुस्तीवाल्याने सांगितलंय, आणि अच्युतरावांनाही ते पटलंय, कारण हल्ली तो चालू होताना जुन्या स्कूटरसारखा खोकतो.

आत्ता तो चालू आहे. पडद्यावर एक लढाई दिवाळीपासून अडलेली आहे.

आता ही लढाई कसली ते सांगायला हवं, नाहीतर म्हाताऱ्याला चळ लागलाय असं वाटायचं. हा युद्धाचा खेळ आहे. नकाशा, नदी, पूल, डोंगर आणि आपलं सैन्य दोन फळ्यांत. शत्रूला संगणक खेळवतो. आपल्या तुकड्या आपण माउसने एकेक करून हलवायच्या. ते नको असेल तर कीबोर्डवरची एक कळ दाबायची, की ज्या फळीची पाळी असेल ती फळीही संगणकच आपल्या वतीने लढवतो. अच्युतरावांच्या मते ही कळ म्हणजे शुद्ध पळपुटेपणा. जावयाने एकदा गमतीत दाबली तर भरल्या ताटावर त्याला ऐकवलं होतं, "आपली माणसं यंत्राच्या हवाली करायची तर खेळता कशाला? त्यापेक्षा वॉशिंग मशीन लावा आणि बसा बघत."

उजवी फळी अच्युतरावांची, डावी भूपाल मगदूमची. पाटबंधारे खात्यात दोघांची टेबलं शेजारी शेजारी. निवृत्तही बरोबरच झाले. अच्युतरावांची बायको कुमुद गेली, तेव्हापासून भूपाल दर रविवारी दुपारी बिनलसणाच्या भडंगाचा पुडा घेऊन यायला लागला. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत घरी जाऊन जेवायचा, त्यामुळे खेळ उन्हं असेपर्यंतच. अच्युतराव आपल्या तुकड्या हलवायचे. प्रत्येकीला नाव दिलेलं, प्रत्येकीची काळजी. मग ते चहा टाकायला आत जायचे आणि भूपालची पाळी यायची. चहा घेऊन बाहेर येईपर्यंत त्याची फळी कुठल्या कुठे गेलेली असायची, कधी नदीपलीकडे, कधी थेट शत्रूच्या पिछाडीला. स्वतःच्या तुकड्यांना त्याने साधी नावंसुद्धा दिली नव्हती, पण खेळायचा असा, की अच्युतराव आतून जळायचे. आणि चारचौघांत तेच सांगायचे, आमचा भूपाल म्हणजे घोडदळाचा जन्मजात सेनापती.

हा सेनापती दिवाळीत झोपेतच गेला. त्याची फळी पुलावर उभी आहे. आज हलली नाही तर कधीच हलणार नाही. पण तिला हलवायचं कुणी? अच्युतरावांना त्याच्यासारखं जमत नाही. आणि ती कळ दाबायची म्हणजे मित्राची माणसं त्याच्या माघारी यंत्राला देऊन मोकळं व्हायचं. या विचाराने त्यांच्या जिवाला सकाळपासून चैन नाही.

फोन वाजतो. मुग्धा, त्यांची लेक.

"बाबा, टेम्पोवाल्याशी मी बोलते. तुम्ही काही करू नका, नुसते बसून राहा."

"मीच बोलणार. तुला इथलं काय कळतंय?"

ती फोन ठेवते. अच्युतराव पुन्हा डोळे मिटतात. पंखा फिरतोय. आवाज आधी पंख्याचा आहे, मग पाण्याचा होतो. पाय ओले लागतात म्हणून ते वर घ्यायला जातात, तर ते सांगलीच्या आयर्विन पुलावर उभे आहेत, अंगात नुसतं बनियन, आणि खाली कृष्णा फुगलेली.

पुलावर डावी फळी आहे. घोडे, स्वार, सगळे. सगळे त्यांच्याकडे बघताहेत.

"हलवा की साहेब," एक स्वार म्हणतो. आवाज ऑफिसातल्या शिपायाचा.

"हलवतो. माउस कुठाय?"

माउस खोक्यात आहे. कठड्याला लागून खोक्यांची रांग लागलीय. एक उघडावं तर त्यात कुमुदच्या साड्या, दुसऱ्यात पातेली, तिसऱ्यात नुसतंच पाणी. पाणी चढतंय. घोड्यांचे खूर दिसेनासे झालेत आणि अच्युतरावांच्या बोटांना दोऱ्यांच्या गाठी सुटत नाहीत. या गाठी त्यांनीच सकाळी मारल्या आहेत, दुसऱ्या कुणाला मारू दिल्या नाहीत.

"काय शोधालायस?"

कठड्यावर भूपाल बसलाय. पांढरा शर्ट, मांडीवर पुडा. पाय पाण्यावर हलवत बसलाय.

"भूपाल, तू गेलास ना रे?"

"गेलो की. म्हणून काय रविवार चुकवायचा?"

"तुझी फळी बुडतेय. हलव तिला."

"हलंल. भडंग घे."

अच्युतराव चिडतात. पुडा बाजूला सारायला हात पुढे करतात, तो हात ऑफिसच्या टेबलावर पडतो. टेबलाखाली पाणी आहे. बाहेरच्या व्हरांड्यात घोडे कँटीनच्या रांगेत उभे आहेत आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. शेजारच्या टेबलावर भूपाल चिरमुरे निवडतोय.

"आज शेवटचा दिवस आहे," अच्युतराव म्हणतात. "तुझी पुढची चाल काय होती एवढं सांग. मी तशीच खेळतो. माझ्या हातून तुझी माणसं मरायला नकोत."

"मला काय ठाऊक?"

"तुला नाही तर कुणाला?"

भूपाल त्यांच्याकडे बघतो. मग उठतो आणि जुन्या फायलींच्या खोलीचं दार ढकलतो. "ये की आत."

आत अच्युतरावांचीच बैठकीची खोली आहे. खोकी नाहीत. भिंतीवर उन्हं आहेत. टेबलावर संगणक, आणि कीबोर्डवर घडी घातलेला पंचा. धूळ बसू नये म्हणून हा पंचा अच्युतराव कायम टाकून ठेवतात. ते खेळतात माउसने, कीबोर्डला हात लावायची त्यांना कधी गरजच पडत नाही. स्वयंपाकघराचं दार उघडं आहे. ओट्यापाशी पाठमोरं कुणीतरी आलं किसतंय. टकलावरून आणि बनियनवरून अच्युतराव ओळखतात, की ते स्वतःच आहेत.

भूपाल खुर्चीत बसतो. पुड्यातला एक घास तोंडात टाकतो, तेच बोट पंच्याखाली सरकवतो आणि दाबतो. पडद्यावर डावी फळी आपसूक धावत सुटते. तो तिकडे बघतसुद्धा नाही. खुर्ची फिरवून स्वयंपाकघराकडे तोंड करून बसतो.

"कळ दाबलीस तू?"

"दर वेळी."

"पहिल्यापासून?"

"मला लढाई कुठं येतीया? घोडं कुठलं आन् हत्ती कुठला, मला अजून कळत न्हाई."

अच्युतरावांचं डोकं तापतं. "म्हणजे इतकी वर्षं मी जळलो तो या डबड्यावर?"

"चांगलं खेळतंय की ते."

"मग यायचास कशाला?"

भूपाल ओठांवर बोट ठेवतो आणि आत दाखवतो.

आतले अच्युतराव बोलताहेत. हळू, पण इथे स्पष्ट ऐकू येतंय. कुमुद, मुग्धाचा आज फोन नाही आला. कुमुद, गुडघा फार धरलाय. वेलची तू कुठल्या डब्यात ठेवायचीस ते अजून सापडत नाही. मध्ये थांबतात, उत्तर येत असल्यासारखे, आणि पुन्हा बोलतात. हे कुणालाही माहीत नाही, मुग्धालासुद्धा नाही, असं अच्युतराव आजवर समजत आले. लाजेने त्यांचे कान गरम होतात.

"वहिनी गेल्यावर तू बोलायचाच बंद झालास," भूपाल म्हणतो. "माझ्याशी न्हाई, लेकीशी न्हाई. नुसतं त्या सैन्याला धरून बसलास. आत गेलास की तेवढं बोलायचास. मी म्हणायचो, बोलतोय तवर बरा हाय. मी बी सैन्य हलवत बसलो असतो, तर ऐकलं कुणी असतं?"

अच्युतरावांना रडू येतं. लपवायला तोंड फिरवतात, तर तिकडेही भूपालच आहे.

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर आत बी गप बसला असतास."

भिंतीवरची उन्हं तांबूस झालीत. भूपाल उठतो, पुड्याची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवतो.

"दिवस मावळाय लागला. जेवाय जातो."

"थांब रे, चहा होतोय. आता ऐकणार कोण?"

"लेक हाय की. तिला जरा काही हलवू देशील तर ऐकंल."

स्वयंपाकघरातले अच्युतराव दोन कप घेऊन वळू लागतात. आता त्यांचा चेहरा दिसणार, या भीतीने आरामखुर्चीतल्या अच्युतरावांना जाग येते.

पंखा फिरतोय, खोकी जागच्या जागी आहेत. उन्हं अजून आहेत. ते धडपडत टेबलापाशी जातात आणि कीबोर्डवरचा पंचा उचलतात.

सगळ्या कळा नव्यासारख्या आहेत, अक्षरं कोरीकरकरीत. एकच कळ तेवढी झिजलीय. तिच्यावरचं अक्षर पार गेलंय, मधे बोटाच्या आकाराचा खळगा पडलाय आणि खळग्यात तेला-तिखटाचा लालसर थर बसलाय. कळेच्या फटीत एक चिरमुरा अडकलाय.

अच्युतराव त्या खळग्यात आपलं बोट ठेवतात. बराच वेळ नुसतं ठेवतात. मग दाबतात.

पुलावरची फळी हलते. कुठे जाते ते बघायला ते थांबत नाहीत. स्वयंपाकघरात जातात, न बांधलेलं एवढं एकच पातेलं गॅसवर ठेवतात आणि सवयीने दोन कप पाणी घालतात. बाहेरच्या खोलीतून टापांचा आवाज येत राहतो.

फोन पुन्हा वाजतो.

"बाबा, टेम्पो निघालाय. आता चिडू नका, पण त्याच्याशी..."

"तूच बोल त्याच्याशी. तुला पटेल तसं कर."

"बाबा, बरं नाही का वाटत तुम्हाला?"

"बराय गं. मुग्धा, घाईत नाहीस ना? तुझी आई वेलची कुठल्या डब्यात ठेवायची, आठवतंय का तुला?"

मुग्धा सांगायला लागते. आधी डब्याचं, मग आईचं. अच्युतराव ओट्याला टेकून ऐकतात, मधेमधे बोलतात. चहा उकळतोय. फोन धरलेल्या हाताच्या बोटाला भडंगाचं तिखट लागलंय, आणि हात धुवायचं त्यांच्या मनात येत नाही.