तात्याशेठांचा कान

माझ्या सासऱ्यांनी शेव विकून बंगला बांधला आणि त्या बंगल्यात शेवेला बंदी घातली. बंगल्याचं नाव ‘पथ्य’.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. तात्याशेठ तेव्हा माझे सासरे नव्हते, शेवेच्या पाकिटावरचा फोटो होते. उल्हासनगरला त्यांचा कारखाना, आणि तिथून बदलापूरपर्यंत प्रत्येक वाण्याच्या दुकानात हा फोटो माळेने लटकलेला असे. तरुणपणी ते शहाड स्टेशनाबाहेर टोपली घेऊन उभे राहत आणि पाळी सुटलेल्या कामगारांना शेव विकत. न खपलेली शेव हेच रात्रीचं जेवण. शेवटी पोटाने संप पुकारला. शेजारच्या सिंधी आजीने त्यांना मुगाच्या पाण्यावर जगवलं, आणि तेव्हापासून त्यांनी शेव तोंडात घातली नाही. विकली मात्र दुप्पट जोमाने. (तत्त्व फक्त आपल्या पोटापुरतं पाळायचं असतं, हे त्यांना वेळेवर कळलं. मोठी माणसं अशीच होतात.)

मग माल तपासायचे कसा? ऐकून. कानाशी शेव मोडायची, डोळे मिटायचे. “कच्ची,” म्हणाले की अख्खा घाणा बाजूला.

त्यांची मुलगी सुनंदा दर शनिवारी अंबरनाथच्या ग्रंथालयात येई. मी वर्षभर तिच्या समोरच्या टेबलाशी बसून एकच जाडजूड ग्रंथ वाचत होतो. त्यातलं काय आठवतं म्हणाल तर तिची वेणी. त्यामुळे बाबांचे मित्र, उल्हासनगरचे कापडवाले मंघारामकाका हेच स्थळ घेऊन आले, तेव्हा मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला.

“मास्तर, घर बडा, दिल बडा,” काका बाबांना म्हणाले. “सिर्फ खाना छोटा. और सुनो, ते लोक सगळं कच्चंच खातात. मी सांगून टाकलंय, आमचा मुलगापण कच्चाच खातो.”

“कोण? हा?” आईने माझ्या पोटाकडे बघितलं.

“शादी होईपर्यंत तर खाईल ना, भाभी.”

मुलगी बघायला जाताना दुपारचं जेवायचं नाही, हा बाबांचा दंडक. पोह्यांना नाही म्हणणं हा यजमानांचा अपमान, आणि बाबांनी आयुष्यात कुणाचा असा अपमान केलेला नव्हता. रिकाम्या हाताने जायचं नाही, हा दुसरा दंडक. बंगला बदलापूरला. गाडीतून उतरल्यावर ते एका दुकानात शिरले आणि कागदी पिशवी घेऊन बाहेर आले.

“काय घेतलंत?” आईने विचारलं.

“म्हटलं, तुमच्याकडचं सगळ्यात उत्तम द्या.”

‘पथ्य’च्या दिवाणखान्यात तात्याशेठांचं पुरुषभर उंचीचं तैलचित्र होतं. डोक्यावर फेटा, हातात तलवारीसारखा धरलेला दुधी. खाली मूळ पुरुष बसले होते, काटक आणि तुकतुकीत. सुनंदा ट्रे घेऊन आली. वाट्यांत मोड आलेली कच्ची मटकी, ग्लासांत दुधीचा रस.

“पोहे मागून येतील,” बाबा माझ्या कानात म्हणाले.

“सावकाश चावा, मास्तर,” तात्याशेठ म्हणाले. “घाई कसली?”

बाबांना घाई होती ती पोह्यांची. मटकी संपली, पोहे आले नाहीत. तेव्हा यजमानांना आठवण करून द्यावी म्हणून की काय, बाबांनी पिशवी पुढे केली. तात्याशेठांनी आतलं पाकीट काढलं. पाकिटावरचे तात्याशेठ बाहेरच्या तात्याशेठांकडे बघून हसत होते.

मंघारामकाकांनी छताचं निरीक्षण सुरू केलं.

“माल आपला आहे,” तात्याशेठ शांतपणे म्हणाले. “पण घरात येत नाही.” पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं. “बाहेर ठेवा, चपलांपाशी. सुनंदा, यांना बागही दाखव.”

मी पाकीट ठेवायचं विसरलो. ती पुढे, मी मागे, पाकीट बगलेत. आंब्याला मोहोर आला होता. खाली उल्हास नदी अशी निजली होती की वाहते आहे हे कुणीतरी सांगावं लागावं. पलीकडे बारवीकडचे डोंगर धुक्यात तरंगत होते. पोट रिकामं असलं की निसर्ग फार जवळ येतो. मला त्यातला एक डोंगर हुबेहूब मोदकासारखा दिसला. आता काहीतरी सुंदर बोलावं, असा मी विचार करत होतो.

“उघडा ते,” सुनंदा म्हणाली.

“काय?”

“पाकीट. शाळेत सगळ्या मुलींच्या डब्यात तात्यांची शेव. माझ्या डब्यात काकडी. मला कळायला नको, कशी लागते ते?”

“मी तर बुवा कच्चंच...”

“स्टेशनबाहेरच्या वड्याच्या गाडीवर दर शनिवारी बघते मी तुम्हाला. ग्रंथ मिटला की पळता.”

मी पाकीट फोडलं. एक मूठ तिला, एक मला. त्या मोहोराच्या वासात, त्या झोपलेल्या नदीकाठी आम्ही दोघांनी एकदमच दात मिटले.

कुर्रम.

खिडकीतून आवाज आला, “तेल कमी तापलं होतं.”

क्षणात सगळे ओसरीवर. माझे दोन्ही गाल भरलेले. वर्षभराचं वाचन, मंघारामकाकांची अब्रू आणि ती वेणी, सगळं त्या एका घासात अडकलं होतं.

तात्याशेठ पायऱ्या उतरून समोर उभे राहिले. “लपवू नका. कशी आहे, सांगा.”

मंघारामकाका मागून ‘फस्क्लास बोल’ अशा खुणा करत होते. पण उपाशी माणसाला खोटं सुचत नाही.

“बेसन चांगलं आहे,” मी म्हणालो. “ओवा फार झालाय.”

“ओवा?” त्यांनी पाकिटातली एक शेव कानाशी मोडली. मग जरा हळू आवाजात म्हणाले, “ओवा ऐकू येत नाही. इतकी वर्षं ज्याला विचारावं तो म्हणतो, शेठ, एक नंबर.” ते बाबांकडे वळले. “मास्तर, तुमचा मुलगा खाण्याआधी खोटं बोलतो. पण खाल्ल्यावर खरं बोलतो. घरात असा एक हवा.” मग मुलीला विचारलं, “आणि तुला कशी लागली गं?”

सुनंदाने घास गिळला. “एवढंच होय? मटकी बरी.”

“पण मुलगा?”

“मुलगा चालेल.”

“मग आता पोहे...” बाबा म्हणाले. आईने त्यांना चिमटा काढला.

लग्न झालं. सुनंदाने पुन्हा कधी शेवेला हात लावला नाही. आमच्या अंबरनाथच्या घरी दिवस दुधीच्या रसाने उगवतो आणि मटकीने मावळतो. माझी शेव असते कपाटात, पुढे विकत घेतलेल्या त्या जाडजूड ग्रंथामागे. त्याचा तेवढा उपयोग अखेर झालाच. आता घरात फोनही आला आहे. सासऱ्यांच्या फोनची वेळ झाली की मी घास गिळतो, चूळ भरतो, मिशी पुसतो आणि मगच रिसीव्हर उचलतो. परवाही तसंच केलं आणि अत्यंत सात्त्विक स्वरात ‘हॅलो’ म्हणालो.

पलीकडून प्रश्न आला, “ओवा कसा आहे आज, जावईबापू?”