‘तिला विचारा’ म्हणणाऱ्या ड्रॉइंगबाई

“त्या बाई गेल्या की हे खूळही जाईल,” बाबा आत आईला सांगत होते.

आम्ही दोघी जिन्यात, अर्धवट उघड्या दाराबाहेर उभ्या होतो. ‘त्या बाई’ म्हणजे माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ड्रॉइंगबाई. मंगळवारच्या मेलनं त्या कायमच्या नागपूरला, भावाकडे जाणार होत्या. खूळ माझं होतं. मला आर्किटेक्चर शिकायचं होतं. बाबांनी मात्र बी.ए. ठरवून टाकलं होतं, आणि मी अजून हो-नाही काहीच म्हटलं नव्हतं. आत शिरायचं तर आता मला बोलावं लागणार होतं. बाई दार ढकलेनात.

दुसऱ्याच्या वतीनं बोलायचं नाही, हा त्यांचा हट्टच होता. दर रविवारी त्या मला शिकवायला खिदिरपूरला आमच्या क्वार्टरमध्ये यायच्या. आई विचारायची, “हिला पोहे चालतील ना हो?” बाई पेन्सिलीला टोक काढत म्हणायच्या, “तिला विचारा. समोरच बसलीय.” मला घाम फुटायचा. मराठी अडलं की मी इंग्रजीत शिरायचे. “लपलीस?” त्या म्हणायच्या. “ये बाहेर. मी थांबते.” आणि खरंच थांबायच्या.

इमारत काढण्याआधी तिला हात लावायचा, हा त्यांचा दुसरा नियम. जाण्यापूर्वी मला चितपूर रोडवरची लाल मशीद दाखवायची त्यांनी ठरवलं. दिवस वाईट होते. भिंती घोषणांनी भरलेल्या, कधी कुठे बॉम्ब फुटेल नेम नाही, ट्राम मध्येच थांबायच्या. बाबांना आम्ही फक्त ‘स्केचिंगला’ एवढंच सांगितलं होतं.

मशिदीच्या दारात बाईंनी डोक्यावर पदर घेतला, मी ओढणी. आतले एक वृद्ध चाचा पुढे आले. “क्या देखना है?” त्यांनी बाईंना विचारलं. बाईंनी माझ्याकडे बोट केलं आणि मिनार बघू लागल्या. आसपासची माणसं वळून पाहायला लागली. काहीतरी करायचं म्हणून मी अंगणातल्या हौदाशी गेले, ओंजळभर पाणी घेतलं, तीर्थासारखं तोंडाला लावलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

“अरे बेटी, ये तो वज़ू का पानी है! हाथ-मुँह धोने का!”

कुणीतरी हसलं. मला पळून जावंसं वाटलं. चाचा हसले नाहीत. त्यांनी सुरईतलं पाणी पेल्यात ओतून माझ्या हातात दिलं. मी ते प्याले, आणि कशीबशी म्हणाले, “गुंबज. अंदर से.”

त्यांनी आम्हाला उंबऱ्याशी उभं केलं. इतक्या मोठ्या घुमटाखाली एकही मूर्ती नव्हती, चित्र नव्हतं. नुसता उजेड, आणि एका दिशेला तोंड करून रांगेनं उभ्या असलेल्या कमानी. रस्त्यावरचा गोंगाट दाराबाहेरच थांबला होता. मी खांबाला तळवा लावला. गार होता. “बघ,” बाई कुजबुजल्या, “कमानीचे दोन्ही हात एकमेकांना ढकलताहेत. म्हणून तर उभी आहे. भांडण वाईटच असतं असं नाही.”

मग ट्रामनं आम्ही घरी परत आलो.

आणि आता हे दार. शेवटी मीच ते ढकललं.

बाबा उठून उभे राहिले. “कुठे होतात? शहरात काय चाललंय कळतं का?” त्यांनी विचारलं बाईंना. बाई खाली वाकून चपलेचा पट्टा सोडवत राहिल्या. तो पट्टा सुटायला एवढा वेळ कधीच लागत नसे. आई माझ्याकडे बघत होती. माझ्या तळव्यावर अजून तो गारवा होता.

“मशिदीत गेलो होतो, बाबा. मला विचारा, मी सांगते. मला इमारती बांधायला शिकायचंय. बाई गेल्या तरी.”