खजिन्यावरच्या पहाऱ्याची बंदूक

माझ्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची, बंदूक खरी की नकली, यावर माझ्याच ओट्यावर अर्धा दिवस वाद चालला होता. परवाना माझ्या नावावर, पण मला कोणी विचारलं नाही. आमचं गाव नरडाण्याजवळ. पुतण्याला ती बंदूक ग्रामपंचायतीच्या सभागृहात काचेच्या पेटीत ठेवायची होती. खाली पाटी: आबा या बंदुकीने इंग्रजांशी लढले. माझी फक्त सही हवी होती.

शाळेचे निवृत्त मास्तर म्हणाले, ही कुठल्या तरी लोहाराची कारागिरी आहे. जळगावहून आणलेल्या जाणकाराने लोखंडावरचा राजमुकुटाचा छाप दाखवला. दसऱ्याच्या पूजेचं कुंकू त्यात इतकं बसलं होतं, की त्याला ते काडीने कोरावं लागलं. मग त्याने सांगून टाकलं, इंग्रज फौजेची अस्सल रायफल, लढाईचीच. पुतण्या खूश.

मी चौथी शिकले. पण नवरा वारल्यावर वरणगावला काडतुसांच्या कारखान्यात लागले आणि चाचणीच्या रायफली पुसण्यात माझी वर्षं गेली. फौजी नळीला आतून पिळाच्या खाचा असतात. चिंधी लावलेला गज आत ढकलला, की तो हातात आपोआप फिरतो. मी घरातला गज आणून जाणकाराच्या हातात दिला. गज सरळ आत गेला, सरळ बाहेर आला.

"फिरला का?"

"नाही, अक्का."

मग मी गोळ्यांची पेटी उघडून दाखवली. आत गोळ्यांच्या जागी लाकडी ठोकळा बसवलेला. एका वेळी एकच बार. आबांनी मला हे सगळं सांगितलं होतं. ते धुळ्याला सरकारी खजिन्यावर पहारेकरी होते. इंग्रजांनी फौजेच्या जुन्या रायफलींच्या खाचा काढून टाकल्या आणि मग त्या देशी पहारेकऱ्यांच्या हातात दिल्या. उद्या हे उलटले तर लांबचा नेम लागू नये, म्हणून. नोकरी सुटल्यावर आबांनी ती लिलावात घेतली, भुईमुगातली डुकरं हाकायला. परवान्यातही शेतीरक्षणच लिहिलं आहे.

जाणकार म्हणाला, अशा फार थोड्या उरल्यात. पुतण्याचं तोंड उतरलं.

"काकू, आबा इंग्रजना शिपाई व्हतात, हाई लोकेसले सांगू का?"

"सांग. त्या नोकरीवर सात तोंडं जगली. तुना बाप त्यामाच वाढना. बंदूक खरी शे, तुनी पाटी खोटी शे. सही व्हवाव नही."

गाडीला किक मारताना तो म्हणाला, तू किती दिवस पुरशील, मग आमचंच राज्य. ते काही चूक नव्हतं. म्हणून मी चार दिवसांत बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. अर्ज स्वतः लिहिला: ही खजिन्यावरच्या पहारेकऱ्याची बंदूक आहे, हिने कोणाशी लढाई केली नाही, माझ्यामागे ती घरात कोणाला न देता सरकारी संग्रहालयात द्यावी.

हवालदार म्हणाले, आजी, "जमा करते" एवढं पुरे होतं.

मी म्हटलं, शिक्का मारा आणि पोच द्या.