बाद बॅटरी

नंदनवन कॉलनीत आमच्या घरी कॉम्प्युटरच्या यूपीएसची बॅटरी बदलायला दुकानवाला मेकॅनिक आला. वायरचा माग काढत थेट कूलरच्या प्लगशी पोचला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काका, इच्यावर कूलर चालवून राहिले का तुमी?"

मी नुकताच निवृत्त झालो होतो. ही अक्कल माझीच. त्याने नवी बॅटरी बसवली, जुनी गळ्यातल्या दुपट्ट्यात गुंडाळून नेली.

पुढे एकदा महाल भागातल्या त्याच्या दुकानात डोकावलो. वीज गेली होती, तरी टेबलावर चिमुकला पंखा गरगरत होता. खाली आमचीच बॅटरी! ती नवी असताना बायकोने लावलेलं कुंकू तिच्यावर अजून होतं.

"ही तर बाद झाली होती ना?" मी विचारलं.

"कॉम्प्युटरसाठी जी. पंख्यासाठी जवान आहे अजून." त्याने पंखा माझ्याकडे वळवला.

ऑफिसच्या निरोपसमारंभातसुद्धा माझ्याबद्दल इतकं बरं कोणी बोललं नव्हतं.