न फिरलेली बॅटरी

दुकानात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. गिऱ्हाइकाच्या हातात वस्तू देताना ते "जपून" म्हणत, कोणी स्टुलावर चढलं तरी म्हणत, समोरच्याने गरम चहाचा कप उचलला तरी म्हणत. म्हणून ते जपूनकाका. त्यांची बायको सांगायची, लग्न झाल्यावर हा माणूस माझ्याशी पहिलं वाक्य काय बोलला, तर "पायरी आहे, जपून". आणि स्वतःच अडखळला.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी टीव्ही दुरुस्त केले. पुढे दुरुस्तीपेक्षा नवा टीव्ही घेणं लोकांना सोयीचं वाटू लागलं, तेव्हा ते जुन्या व्हिडिओ गेमच्या या दुकानात मागच्या टेबलावर येऊन बसले. लोक खेळून कंटाळलेले कन्सोल आणि गेम आणून द्यायचे, बदल्यात दुसरं काही घेऊन जायचे. आलेला माल आधी काकांकडे जाई. बटणांच्या फटीतला बिस्किटाचा चुरा ब्रशने काढायचा, डिस्क पुसायच्या, आधीच्या मालकाचं खातं उडवून कन्सोल कोरा करायचा. स्वतः त्यांनी गेम एकदाच खेळून पाहिला होता. त्यातला माणूस पहिल्याच खड्ड्यात पडला, तसा त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि म्हणाले, उगाच कोणाचा तरी जीव जायचा.

त्यांचं खरं कसब होतं 'दोनाचं एक' करण्यात. एकाचा स्क्रीन फुटलेला, दुसऱ्याची बॅटरी गेलेली. दोन्ही उघडायचे आणि चांगलं चांगलं घेऊन एक धड कन्सोल उभा करायचा. हातात धरून खेळायच्या लहान कन्सोलचं हे काम रोजच असे. आणि त्यात काका सगळ्यात जास्त जपत, कारण या कन्सोलच्या बॅटऱ्या चपट्या पाकिटासारख्या असतात आणि जुन्या झाल्या की आतल्या आत फुगतात. फुगलेलं पाकीट दाबलं गेलं, तापलं, चार्जिंगला राहिलं, की पेट घेऊ शकतं. फुगवटा नेहमी डोळ्यांना दिसतोच असं नाही. म्हणून काका बॅटरी काचेवर आडवी ठेवायचे आणि एका टोकाला बोटाने हलकी टिचकी मारायचे. सपाट बॅटरी जराशी सरकून गप्प बसते. फुगलेली असली तर पोटावर भिंगरीसारखी फिरते. फिरली की ती वाळूच्या डब्यात.

त्या दिवशी दुपारी टेबलावर एकाच जातीचे दोन कन्सोल उघडे होते. काकांनी दोन्ही बॅटऱ्या तपासल्या. एक फिरली, एक नाही. फिरलेली डावीकडे ठेवायची हा त्यांचा नेम. मग एक हट्टी स्क्रू निघेना, म्हणून त्यांनी कन्सोल आणि बॅटऱ्या ठेवलेली कामाची गोल फळी अर्धी फिरवून घेतली. तेवढ्यात दुकानाच्या मालकिणीने बाहेरून हाक मारली, काका, बाई थांबल्यात, तो लहान कन्सोल झाला का? काकांनी डावीकडची बॅटरी वाळूत टाकली, उजवीकडची बसवली, झाकण लावलं आणि बाहेर गेले.

बाईंच्या अंगावर कोपऱ्यावरच्या लाँड्रीचा निळा एप्रन होता. मुलीचा पाय मोडलाय, म्हणाल्या, प्लास्टर आहे, पलंगावरून हलता येत नाही. दोन जुने गेम देऊन त्यांनी हा कन्सोल घेतला आणि सगळ्यात लांब वायर मागितली, पलंगापर्यंत पोचायला हवी. दिवसभर चार्जिंगला लावून खेळली तर चालेल ना, असंही विचारलं.

"खुशाल खेळू दे," काका म्हणाले. जन्मात क्वचितच त्यांनी कोणाला 'खुशाल' म्हटलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेल्या बॅटऱ्या न्यायला भंगारवाला आला. काकांनी वाळूतून बॅटऱ्या बाहेर काढल्या. सवयीने एकेक बॅटरी काचेवर ठेवून टिचकी मारू लागले. फिरली. फिरली. तिसरी जराशी सरकली आणि गप्प बसली.

त्यांनी वाळू पुसून पुन्हा टिचकी मारली. बॅटरी पाटीसारखी पडून राहिली.

भंगारवाला म्हणाला, ही तर चांगली दिसतेय, काका. काकांच्या कानात शिट्टी वाजायला लागली होती. त्यांचं लक्ष फळीकडे गेलं आणि फळी फिरवणारा कालचा स्वतःचा हात त्यांना दिसला. डावीकडचं उजवीकडे गेलं होतं, आणि फिरलेली बॅटरी बाईंच्या कन्सोलमध्ये.

मालकीण वयाने त्यांच्या मुलीएवढी. काकांनी सांगितलं तशी ती आधी हसली. काका, तुम्हाला सावलीचीही भीती वाटते, म्हणाली. काकांनी बॅटरी तिच्यासमोर काउंटरच्या काचेवर ठेवून टिचकी मारली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. स्कूटर काढते, थांबा, असं ती म्हणेपर्यंत काका वाळूचा डबा कवटाळून रस्त्यावर होते.

लाँड्रीत वाफेने काही दिसत नव्हतं. इस्त्रीवाल्याने सांगितलं, त्या कपडे पोचवायला गेल्यात, येतील. काकांनी फोन लावायला सांगितलं. फोन तिथेच खुंटीवर टांगलेल्या एप्रनच्या खिशात वाजला. घरी कोण आहे, काकांनी विचारलं. मुलगीच फक्त, तिला उठता येत नाही ना, म्हणून बाहेरून कुलूप लावून येतात बिचाऱ्या. मागच्या गल्लीत, पिवळी इमारत, तिसरा मजला. काका म्हणाले, त्या आल्या की आल्या पावली घरी पाठव, किल्ली घेऊन.

तिसरा मजला चढताना डब्यातली वाळू सांडत होती आणि काका नाकाने वास घेत होते. जळका वास नव्हता. कुलूप मात्र होतं. शेजारी व्हरांड्यात उघडणारी खिडकी होती, तिला गज. गजांतून पलंग दिसला, उशीला टेकून बसलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी, प्लास्टरमधला पांढरा पाय, हाताशी झाकणाचं पातेलं, पलंगाला टेकवलेली कुबडी आणि भिंतीपासून तिच्या पांघरुणात गेलेली ती लांब वायर.

ओरडलो तर ही दचकेल, काकांच्या मनात आलं. दचकली तर हातातलं घट्ट दाबेल. त्यांनी डबा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी गज धरले.

"बाळ, मी गेमच्या दुकानातला काका."

"आई म्हणते, अनोळखी माणसाशी बोलायचं नाही."

"बरोबर म्हणते. तू बोलू नकोस, नुसतं ऐक. ती वायर आधी भिंतीतून काढ बघू."

मुलीने त्यांच्याकडे बघत वायर ओढली. प्लग निघाला. कन्सोल पांघरुणाबाहेर आला. मागचं झाकण एका बाजूने वर आलं होतं आणि त्यावर केसांचं लाल रबर गुंडाळलेलं होतं. ते सारखं उघडतंय, मुलगी तक्रारीच्या सुरात म्हणाली, मी दाबून बसवते तरी परत उघडतं. गरमही होतंय.

"आता नको दाबूस. रबर काढू नकोस. तुझ्याजवळ ते पातेलं आहे ना, ते रिकामं आहे का?"

"पण मी सेव्ह केलं नाहीये. सकाळपासूनचं सगळं जाईल."

ते सेव्ह म्हणजे काय हे काकांना नीट कळत नव्हतं. एवढंच कळलं की नाही म्हटलं तर ही भांडेल, आणि भांडेल तर हातात धरून भांडेल. लवकर कर, ते म्हणाले. तिने अंगठ्याने काही बटणं दाबली. काकांच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, पण त्यांनी तो पुसला नाही. खोलीतून गोडसर वास येत होता, नेलपॉलिशसारखा, आणि तो फाटू लागलेल्या बॅटरीचा आहे हे त्यांना माहीत होतं.

झालं, मुलगी म्हणाली. मग त्यांनी सांगितलं तसं तिने केलं: कन्सोल अलगद पातेल्यात ठेवला, झाकण घातलं, पातेलं जमिनीवर उतरवलं आणि कुबडीच्या टोकाने हळूहळू दाराकडे ढकललं. फरशीच्या एका उंचवट्याशी ते अडलं. "जपून," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. मुलीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे घाबरून पाहिलं. पातेलं पुढे सरकलं आणि दाराशी पोचलं. पातेल्यातून टक असा आवाज आला.

त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही. पातेलं दाराच्या आत, वाळू बाहेर. काका मुलीला गेममध्ये काय चाललंय ते विचारत राहिले आणि ती सांगत राहिली. तिचं एक अक्षरही त्यांना ऐकू येत नव्हतं.

जिन्यात धावती पावलं वाजली. बाई वर आल्या त्याच ओरडत, तुम्ही इथे कशाला, खिडकीत काय करताय. काका एवढंच म्हणाले, "आधी दार उघडा." त्या आवाजात असं काही होतं की त्यांनी उघडलं. काकांनी पातेलं दोन्ही हातांनी उचलून व्हरांड्याच्या टोकाला नेलं, झाकण काढलं आणि उरलेली सगळी वाळू आत ओतली. वाळूतून धुराची एक बारीक रेघ वर आली, थरथरली आणि विरली.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. मग सगळं सांगितलं, फळी फिरवल्यापासून.

बाई पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "मीच तिला सांगून गेले होते, वायर काढू नकोस म्हणून." मग उठून त्यांनी काकांना जे सुनवायचं ते सुनवलं. शेजारीपाजारी बाहेर आले. काका मान खाली घालून ऐकत राहिले. मधेच आतून मुलगी ओरडली, आई, त्यांनी मला सेव्ह करू दिलं.

संध्याकाळी काका दुसरा कन्सोल घेऊन गेले. त्याचं झाकण त्यांनी दुकानात लावलं नव्हतं. पलंगावर स्टीलचं ताट उपडं ठेवून त्यांनी बॅटरी त्यावर मांडली. बाई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. काकांनी मुलीला म्हटलं, टिचकी मार.

बॅटरी जराशी सरकली आणि गप्प बसली.

"फिरतच नाही ही," मुलगी हिरमुसून म्हणाली.

"नाही फिरत," काका म्हणाले. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला, झाकण हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं. "अजून एकदा मार, बाळ."