भैरवीचा डग्गा

कामिनी चित्रं काढते कमी आणि खोडते जास्त, म्हणून शाळेतली पोरं तिला मागून ‘खोडरबर मॅडम’ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. मूळची कुहीची, धानवाल्या घरातली. नागपुरात चित्रकला शिकवता शिकवता केस पिकायला आले, पण बोलणं अजून पक्कं तिकडचंच. ‘‘चुकलं त चुकलं, लपवू नका रे,’’ असं ती दर तासाला बजावते. आणि स्वतः बाईसाहेब एक चूक चौतीस वर्षं लपवून बसलेल्या!

झालं असं होतं. आठवीत ती मामाकडे धरमपेठेत राहायला आली. तिच्या ‘मले-तुले’ला अख्खा वर्ग हसायचा, एकटी भैरवी हसली नाही, उलट सरकून तिला बाकावर जागा दिली. भैरवी शाळेतल्या सरांकडे तबला शिकायची. महिन्याभरात गॅदरिंग आलं. पडद्याआड सरांनी तिचा तबला-डग्गा मांडून ठेवला होता. कामिनीने पाहिलं, तर डग्गा उजवीकडे! गावच्या भजनात तिने तो कायम डावीकडेच पाहिलेला. कोणी तरी घाईत उलटं मांडलं असेल, म्हणून तिने मोठ्या मायेने जोडीची अदलाबदल करून ठेवली. भैरवी डावखुरी आहे, तिची मांडणीच तशी असते, हे कामिनीच्या गावीही नव्हतं.

भैरवी अंधारात येऊन बसली आणि पडदा वर गेला. एवढ्या लोकांसमोर जोडी हलवायचा धीर त्या पोरीला झाला नाही. हात चुकले, ताल तुटला, सभागृह खो-खो हसलं. ‘‘कोणी केलं गं हे?’’ ती रडत म्हणाली. नागपुरातली एकुलती एक मैत्रीण जाईल, या भीतीने कामिनी बोलून गेली, ‘‘मले काय मालूम?’’ त्यानंतर भैरवीने तबल्याला हात लावला नाही.

आता कामिनीने मुलांसाठी चित्रकादंबरी केली होती. दोन मुली, एक तबला आणि त्यांची मैत्री. प्रकाशकांनी सोमवारी पानं मागितली होती. पण बत्तिसाव्या पानावर जोडी कोण बदलतं ते स्पष्ट काढलेलं होतं. भैरवीने पाहिल्याशिवाय पुस्तक पाठवायचं नाही, आणि तिने मैत्री तोडलीच, तर पुस्तकही कपाटात जाईल, असं ठरवून रविवारी सकाळी ती धरमपेठेत भैरवीच्या घरी गेली. दरवर्षीप्रमाणे नव्या तांदळाची थैली बरोबर होतीच.

बँकेच्या नोकरीतली भैरवी एकेक पान हिशेबी नजरेने उलटत होती. बत्तिसाव्यावर थांबली. चष्मा काढला.

‘‘ही तू होतीस?’’

‘‘हो वं. मीच.’’

‘‘आणि मी सरांना दोष देत राहिले. ते गेले तेव्हा त्यांच्या घरी पायसुद्धा ठेवला नाही मी, कामिनी.’’

हे कामिनीला माहीतच नव्हतं.

भैरवी पानं उलटत राहिली. शेवटचं पान आलं. त्यावर मोठी झालेली मुलगी खुशीत तबला वाजवत होती. भैरवीने ते जवळ धरलं, लांब धरलं आणि एकदम ओरडली, ‘‘अगं ए बावळट! इथेही तेच केलंस!’’

खरंच की! डग्गा मुलीच्या डाव्या हाताशी होता. कामिनीने कपाळावर हात मारला आणि पर्समध्ये खोडरबर शोधू लागली.

‘‘ठेव ते. मनाने काढशील तर पुन्हा चुकशील.’’ भैरवी स्टुलावर चढली आणि कपाटावरून तबला-डग्ग्याच्या धुळीने माखलेल्या दोन गवसण्या उतरवल्या. सतरंजीवर मांडी घालून बसली. नाक लाल झालेलं, आवाज मात्र करडा. ‘‘मांड. तूच मांड. सरांची माफी आता दोघींनी मिळून मागायची आहे.’’

कामिनीने डग्गा उजवीकडे ठेवला, तबला डावीकडे. ‘‘असं ना वं?’’

भैरवीने मान हलवली आणि डाव्या हाताने तबल्याच्या कडेवर थाप मारली. सूर पार उतरलेला होता. तरी ती वाजवत राहिली, आणि कामिनी पेन्सिल हातात धरून नुसती रडत बसली.